शिकाऱ्यांच्या पैशावर जगणारं जंगल, आणि माझं फुकटचं पक्षीनिरीक्षण

लेहायकर
शनिवार, रात्री १०.१५

मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे, हसलात तरी चालेल. मी जन्मापासून शाकाहारी. घरात झुरळ निघालं तरी बायकोला हाक मारतो. आणि गेले दोन आठवडे डोक्यात घोळतंय की शिकारीचं लायसन्स काढावं.

आम्ही पेन्सिल्वेनियात, लेहाय खोऱ्यात राहतो. फेब्रुवारीच्या अखेरीला इथून तास-सव्वा तासावर मिडल क्रीक नावाच्या तलावावर स्नो गीझ हे पांढरे पाणपक्षी उतरतात. उत्तरेकडे परतायच्या वाटेवरचा मुक्काम. चांगल्या वर्षी आकडा लाखाच्या घरात जातो. सगळं पाणी पांढरं झालेलं असतं, मग कुठूनतरी एखादा गरुड येतो आणि अख्खा थवा एकदम उठतो. त्या क्षणी जो आवाज होतो, तो वानखेडेवर शेवटच्या बॉलला सिक्स बसल्यावर होतो तसला. मी दुर्बीण, ट्रायपॉड, पोह्यांचा डबा असा सगळा जामानिमा घेऊन दरवर्षी जातो. तिकीट नाही, पार्किंगचे पैसे नाहीत.

परवा फोटो शेजारच्या आजोबांना दाखवत होतो. पंचाहत्तरी उलटलेले गृहस्थ, पोलादाच्या कारखान्यात आयुष्य गेलं, बाराव्या वर्षापासून शिकार. सगळे फोटो नीट पाहिले आणि म्हणाले, "छान आलेत. बिल मी भरलंय."

मला वाटलं म्हातारा गंमत करतोय. घरी येऊन वाचलं तर अक्षरशः खरं निघालं. मिडल क्रीक राज्याच्या गेम कमिशनचं, म्हणजे शिकार नि वन्यजीव खात्याचं आहे. हे खातं १८९५ पासूनचं, आणि राज्याच्या सर्वसाधारण करातून त्याला एक पैसा मिळत नाही. शिकारीची लायसन्सं, बंदुका-काडतुसांवरच्या केंद्रीय करातला वाटा, आणि स्वतःच्या जमिनीतलं लाकूड नि गॅस यांवर सगळा कारभार. जमीन थोडीथोडकी नाही, सुमारे १५ लाख एकर. तिथे मी पंधरा वर्षं हिंडतोय आणि माझ्या खिशातून गेलेली रक्कम शून्य.

तर दोन प्रश्न. हरणं मारणाऱ्यांच्या पैशावर हरणं (आणि माझे पक्षी) जगावेत, ही व्यवस्था तुम्हाला पटते का? आणि माझ्यासारख्याने शिकार न करता लायसन्स विकत घेतलं, तर तो शहाणपणा की मूर्खपणा?

कडूलिंब
शनिवार, रात्री १०.३१

मूर्खपणा. पुढचा धागा.

गंधार७४
शनिवार, रात्री ११.०२

कडूलिंब, :-)

लेहायकर, मला मुळातच हे पटत नाही. कसायाच्या वर्गणीतून गोशाळा चालवावी तसं झालं हे. ज्याला प्राणी मारायचाय त्याला प्राणी भरपूर हवेत, म्हणून तो पैसे देतो. याला संवर्धन म्हणायचं असेल तर पोल्ट्रीलाही म्हणा.

हिशेबनीस
रविवार, सकाळी ७.२०

गंधार, पोल्ट्रीची उपमा चटकदार आहे, पण इतिहास जरा आठवा. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत शिकारीवर ना धरबंध होता ना हंगाम. मांस आणि पिसं बाजारात जात होती. प्रवासी कबुतरं अब्जांनी होती, त्यांतली शेवटची मार्था १ सप्टेंबर १९१४ ला सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात गेली. पांढऱ्या शेपटीची हरणं १९०० च्या सुमारास अख्ख्या देशात पाचेक लाख उरली होती. आज ती तीन कोटींच्या आसपास आहेत. मधल्या काळात जे घडलं त्यात या लायसन्सच्या पैशाचा वाटा मोठा आहे. सगळा नाही, पण मोठा.

आता यंत्रणा कशी चालते ते सांगतो, कारण गंमत त्यात आहे. १९३७ मध्ये पिटमन-रॉबर्टसन कायदा झाला. लांब नळीच्या बंदुका, काडतुसं आणि धनुष्यबाणाच्या सामानावर ११ टक्के कर, पिस्तुलांवर १० टक्के. हा कर कारखानदार किंवा आयातदार भरतो, म्हणजे गिऱ्हाइकाला किमतीतच बसतो. जमलेले बहुतेक पैसे केंद्र राज्यांना असे वाटतं: निम्मे राज्याच्या क्षेत्रफळावर, निम्मे लायसन्सधारकांच्या डोक्यांवर. कामाच्या खर्चातला पाऊण भाग केंद्राचा, पाव राज्याचा.

आणि खरी मेख पुढे आहे. ज्या राज्याला हा पैसा हवा, त्याने लायसन्सची फी वन्यजीव खात्याबाहेर कुठेही वळवायची नाही, असा कायदा आधी करायचा. आमदाराला वाटलं म्हणून त्या पैशातून रस्ता नाही, पूल नाही, पुतळा तर नाहीच.

बदकसम्राट
रविवार, सकाळी ७.४४

पुतळा तर नाहीच! हिशेबनीस, आमच्या महापालिकेत या एकदा शिकवायला.

लेहायकर
रविवार, सकाळी ८.०५

हिशेबनीस, म्हणजे मी लायसन्स घेतलं की २१ डॉलरला तीन सेंट कमी एवढी फी तर जातेच, शिवाय डोकं मोजलं जाऊन केंद्राकडूनही थोडं येतं?

हिशेबनीस
रविवार, सकाळी ८.१२

बरोबर. बंदूक हातात धरता की दुर्बीण, हे मोजणारा विचारत नाही.

अरण्यरुदन
रविवार, सकाळी ९.५०

सगळे आकडे मान्य, पण "शिकाऱ्यांनी भरलं" हे अर्धसत्य आहे. त्या ११ टक्क्यांतले बरेचसे पैसे जंगलाचं तोंड न पाहणाऱ्यांचे असतात. शहरात घराच्या रक्षणासाठी पिस्तूल घेणारा, रविवारी रेंजवर जाऊन कागदाच्या टार्गेटवर गोळ्या झाडणारा, हे सगळे त्यात आले. २०२० मध्ये कोविड, दंगे, निवडणूक अशा भीतीच्या वातावरणात बंदुकांची विक्री उसळली आणि २०२२ मध्ये राज्यांना या निधीतून एक अब्ज डॉलरच्या वर वाटप झालं. म्हणजे माणसं एकमेकांना घाबरली की सशांना बरे दिवस येतात. ही व्यवस्था सुंदर आहे असं ज्याला म्हणायचं त्याने म्हणावं, माझ्याने होत नाही.

दुसरं, शिकारी घटतायत. एकट्या पेन्सिल्वेनियात ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला १२ लाखांच्या वर लायसन्सं जायची, आता नऊ लाखांच्या आत आली. लेहायकरांचे आजोबा पंचाहत्तरीचे आहेत म्हणता. त्यांची नातवंडं जातात का शिकारीला?

लेहायकर
रविवार, सकाळी १०.२०

एक नातू जातो. दुसरा फोनमध्ये शिकार करतो.

इथे थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी बऱ्याच शाळांना सुट्टी असते, हरणांच्या हंगामाचा परंपरेने चालत आलेला पहिला दिवस म्हणून. माझ्या लेकीने पहिल्या वर्षी विचारलं होतं, "बाबा, आज कुठल्या देवाची सुट्टी?" आता हंगाम शनिवारीच सुरू होतो, २०१९ पासून. आजोबांना तेही आवडलेलं नाही. त्यांचं सगळ्यात मोठं दुःख मात्र गुलाबी पाकिटाचं. मादी मारायचा वेगळा परवाना लागतो, त्यासाठी गुलाबी पाकिटात अर्ज नि चेक घालून काउंटीच्या खजिनदाराला टपालाने पाठवायचा अशी पद्धत होती. २०२३ पासून ते ऑनलाइन झालं. पहिल्याच दिवशी वेबसाइटवर ही मोठी रांग. आजोबा खुर्ची टाकून संगणकासमोर बसले होते, शेवटी माझ्याकडेच आले. त्यांचा अर्ज मी भरला. आत्ता लिहिताना लक्षात आलं, एका हरणीच्या पापात माझा हात आहे.

माई_देवरुख
रविवार, सकाळी ११.००

पाप कसलं रे. आमच्याकडे ये, पुण्य मिळवून देते.

मागच्या आठवड्यात रानडुकरांचा कळप आला. सुरण, करांदे, हळद, सगळं नांगरल्यासारखं उकरून ठेवलं. नारळाची नवी रोपं लावली होती, ती मुळापासून उपटली. सकाळी जाऊन बघितलं तर मातीत फक्त खुरांचे ठसे आणि ह्यांनी रात्री राखणीला नेलेला, विझलेला कंदील. फोटो काढा, अर्ज करा, पंचनाम्याला माणूस यायची वाट बघा. तोवर ती जमीन तशीच उकरलेली ठेवायची, नाहीतर नुकसान दाखवणार काय? तुमच्या त्या म्हाताऱ्याला म्हणावं आमच्या रानात ये, राहायला खोली देते, वर आंबोळ्या करून घालते.

वऱ्हाडी_ठेचा
रविवार, दुपारी १२.१५

माई, तुमचं डुक्कर, आमचा रोही, म्हंजे नीलगाय. तुरीत शिरला का सकाळपर्यंत मैदान साफ. चार महिने जागल करा लागते बाप्पा, थंडीत मचाणावर बसून डबे वाजवायचे. आणि हे म्हणतात लायसन्स काढू का. अरे काढ ना भाऊ, आमच्या नावाचंबी काढ!

गंधार७४
रविवार, दुपारी १२.४०

पण आपल्याकडे शिकार बंद आहे ना १९७२ पासून?

अरण्यरुदन
रविवार, दुपारी १.०५

खेळ म्हणून शिकार बंद आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ मध्ये पिकांची नासधूस करणाऱ्या जनावराला मारायची परवानगी अधिकारी देऊ शकतो. महाराष्ट्रात रोही आणि रानडुकरांसाठी तशी तरतूद आहे. केरळने २०२२ मध्ये डुकरांबाबतचे अधिकार थेट ग्रामपंचायतींकडे दिले. पण कागद मिळाला तरी बंदूक कोणाकडे आहे, आणि हललेल्या सावलीवर ती झाडायची कोणी? शेवटी लोक कुंपणात वीज सोडतात. त्यात डुक्कर मरतं, कधी वाघ मरतो, कधी शेजारचा शेतकरी.

श्टुटगार्टची_सून
रविवार, दुपारी ३.३०

माई, तुम्ही जर्मनीत असतात तर डुकरांचं बिल शिकाऱ्याला पाठवलं असतंत! खरंच. इथे शिकारीचा हक्क जमिनीच्या मालकीला चिकटलेला असतो. गावातल्या लहान लहान जमिनीवाल्यांचं मिळून एक मंडळ असतं, ते शिकारीचा हक्क ठरावीक वर्षांच्या बोलीवर पट्ट्याने देतं. पट्टा घेणारा भाडं भरतो, आणि करारात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की डुकरांनी मका उकरला तर भरपाई त्याने द्यायची. त्यामुळे मका वाढला की पहिली झोप शिकाऱ्याची उडते.

माझे सासरे तसे पट्टेवाले आहेत (चपराशी नव्हे!). इथली शिकारीची परीक्षा इतकी अवघड की लोक गमतीने तिला हिरवी बारावी म्हणतात. मारलेलं डुक्कर शिकाऱ्याचं, तो ते विकूही शकतो, पण आधी जंतांची तपासणी सक्तीची. दक्षिणेकडे काही भागांत अजून किरणोत्सर्गाचीही तपासणी करतात, १९८६ च्या चेर्नोबिल अणुभट्टीच्या स्फोटातलं किरणोत्सर्गी द्रव्य जंगलातल्या अळंब्यांत उतरलंय आणि डुकरं त्या खातात म्हणून. सासऱ्यांच्या तळघरात फ्रीजरवर चिठ्ठ्या लावलेल्या असतात: कुठलं डुक्कर, कुठल्या तारखेचं, तपासणी झाली की नाही. माझ्या आईने पहिल्यांदा तो फ्रीजर उघडला तेव्हा किंचाळली होती.

माई_देवरुख
रविवार, दुपारी ४.०२

भरपाई शिकाऱ्याने द्यायची?? हे कोणीतरी मराठीत लिहून मंत्रालयात पाठवा रे.

हिशेबनीस
रविवार, दुपारी ४.३०

फरक बरोबर पकडलात. जर्मनीत हक्क जमिनीबरोबर जातो. अमेरिकेत रानटी जनावर कोणाच्याच मालकीचं नाही, राज्य जनतेच्या वतीने त्याचं विश्वस्त. जमीन तुझी असली तरी तीवरचं हरीण तुझं नाही. आणि शिकारीचं मांस विकायलाही बंदी, कारण बाजारानेच सगळं संपवलं होतं. हॉटेलात हरणाचं मांस दिसलं तर ते पाळीव हरणाचं समजायचं.

बदकसम्राट
रविवार, संध्याकाळी ५.१५

लेहायकर, इतकं डोकं का खाताय? लायसन्स सोडा, डक स्टॅम्प घ्या, बदकाच्या चित्राचं सरकारी तिकीट. पोस्टात मिळतो. माझं टोपणनाव उगाच नाही, माझ्याकडे २००९ पासूनचे सगळे आहेत.

१९३४ मध्ये सुरू झाला तेव्हा एक डॉलर होता, आता २५. बदकांच्या शिकाऱ्यांना सक्तीचा, पण कोणीही घेऊ शकतं. डॉलरमागे ९८ सेंट पाणथळ जागा विकत घ्यायला नि राखायला जातात. पहिलं चित्र काढणारा डिंग डार्लिंग हा वर्तमानपत्रात व्यंगचित्रं काढायचा, पुढे सरकारातल्या वन्यजीव खात्याचा प्रमुख झाला. व्यंगचित्रकाराला खातं द्यायची कल्पना मला फार आवडते. आता दरवर्षी चित्रांची स्पर्धा असते, आणि पहिला नंबर मिळवायला लोक बदकाच्या पंखावरचं एकेक पीस महिनाभर रंगवत बसतात.

वर त्या स्टॅम्पवर राष्ट्रीय अभयारण्यांत प्रवेश फुकट. हिंसा शून्य, चित्र सुंदर.

सेंट_लुईसचा_काका
रविवार, संध्याकाळी ६.४०

तुम्ही सगळे शिकारी विरुद्ध दुर्बीणवाले असं भांडताय. आमच्या मिझुरीकडे बघा जरा. १९७६ मध्ये इथल्या लोकांनी मतदान करून राज्यघटनेतच घातलं की विक्रीकरातला एक अष्टमांश टक्का संवर्धन खात्याला. आठ डॉलरच्या खरेदीमागे एक सेंट. खात्याचा निम्म्याहून जास्त पैसा त्यातून येतो. किराण्यावरही लागतो. म्हणजे मी पोहे, शेंगदाणे नि कोथिंबीर घेतली की नदीतल्या पाणमांजरात माझा वाटा. ना बंदूक, ना स्टॅम्प. पुढे १९९६ मध्ये आर्कान्साने हेच केलं.

विस्कॉन्सिनची_थंडी
रविवार, रात्री ८.१०

काका +१. पैशापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे, सगळे भरतात तेव्हा सगळ्यांना बोलता येतं. आमच्याकडे काय झालं ते लिहिते.

लांडग्यांवरचं केंद्राचं संरक्षण जानेवारी २०२१ मध्ये उठलं. खातं म्हणत होतं थांबू, नोव्हेंबरात नीट हंगाम ठरवू. एका शिकारी गटाने कोर्टात जाऊन आदेश आणला, आणि फेब्रुवारीतच हंगाम घ्यावा लागला. बाहेर बर्फ, माग स्पष्ट दिसतात, कुत्री सोडायला परवानगी, त्यात लांडग्यांच्या विणीचा काळ. एकूण २०० ची मर्यादा होती, त्यातले ८१ इथल्या मूळनिवासी ओजिब्वे जमातींच्या वाट्याचे, म्हणजे इतरांना ११९. ओजिब्वे लांडग्याला भाऊ मानतात, त्यांनी आपल्या वाट्याचा एकही मारला नाही. इतरांनी तीन दिवसांच्या आत २१८ मारले. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत कोर्टाने पुन्हा संरक्षण दिलं.

मला शिकाऱ्यांचा राग नाही, माझा बॉस शिकारी आहे आणि सज्जन माणूस आहे. पण खात्याचं पोट ज्याच्या लायसन्सवर, त्याला खातं नाही म्हणू शकत नाही.

कडूलिंब
रविवार, रात्री ८.२५

ज्याची खावी पोळी.

अरण्यरुदन
रविवार, रात्री ९.००

लेहायकरांच्या घराजवळचंच उदाहरण आहे की! हॉक माउंटन. १९२९ मध्ये याच गेम कमिशनने गॉसहॉक नावाच्या ससाण्याच्या डोक्यावर पाच डॉलर बक्षीस लावलं होतं. का, तर तो ससे नि ग्राउज पक्षी मारतो, म्हणजे लायसन्सवाल्यांची शिकार पळवतो. शरदात हजारो शिकारी पक्षी त्या डोंगररांगेवरून दक्षिणेला जातात. लोक कड्यावर बसून दिसेल तो पाडायचे, गॉसहॉक असो वा नसो. खाली मेलेल्या ससाण्यांच्या रांगा मांडलेले फोटो आहेत. १९३४ मध्ये रोझली एज नावाच्या न्यूयॉर्कच्या बाईंनी तो डोंगर आधी भाड्याने आणि मग विकत घेतला, राखणदार बसवला, आणि गोळीबार थांबला. त्या आधी स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेल्या होत्या, सरळ होणाऱ्यांतल्या नव्हत्या.

बिल शिकारी भरत असताना खात्याला ससाणा शत्रू वाटला. बिल एका पक्षीवेड्या बाईने भरलं तेव्हा तोच ससाणा पाहुणा झाला. एवढंच मला म्हणायचंय.

लेहायकर
रविवार, रात्री ९.४०

हॉक माउंटनला दर सप्टेंबरात जातो! तिथे मात्र पायवाटेची फी भरतो. म्हणजे अगदीच फुकट्या नाही मी. :-)

पण अरण्यरुदन, उलट बाजूही सांगतो. आजोबांना विचारलं की तुमचं खातं तुमचं ऐकतं का. त्यांचा चेहरा पडला. २००० नंतर गॅरी आल्ट नावाच्या शास्त्रज्ञाकडे इथला हरणांचा कारभार होता. त्याने सांगितलं, हरणं जास्त झालीत, जंगल खाऊन टाकतायत, माद्या मारा आणि कोवळे नर सोडा. २००२ पासून शिंगांची अट आली, पुरेसे फाटे फुटलेली शिंगं असलेलाच नर मारायचा. शिकारी इतके चिडले की सभांमधून आरडाओरडा. लायसन्सची फी आमदार कायद्याने ठरवतात, आणि ती १९९९ नंतर वाढलेली नाही. मी आजोबांना हे म्हटलं तर ते शांतपणे म्हणाले, "हरीण दाखवा, मग पैसे मागा."

आणि तरी आल्टचंच बरोबर होतं. गेम लँडवर, म्हणजे कमिशनच्या जमिनीवर, काही ठिकाणी उंच जाळीची कुंपणं घालून जंगलाचे तुकडे राखलेत. आत ओकची रोपं माणसाच्या उंचीची, ट्रिलियमची पांढरी फुलं. जाळीच्या अलीकडे, जिथे हरणं फिरतात, तिथे गुडघ्याएवढं नेचं आणि दुसरं काही नाही. जाळीला नाक लावून उभा राहिलो होतो. दोन जंगलांमध्ये एक तार.

गंधार७४
रविवार, रात्री १०.१०

हे वाचून माझा गोशाळेचा मुद्दा अर्धा मागे घेतो. म्हणजे हरणं कमी करणंही खात्याचंच काम, आणि ते करायला हवेत तेच शिकारी.

हिशेबनीस
रविवार, रात्री १०.२२

लांडगा-प्यूमा केव्हाच संपवल्यावर दुसरं कोण उरलं?

तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे की नव्वदच्या दशकात दुर्बिणी, तंबू, पाठपिशव्या यांवरही असाच कर बसवायचा प्रस्ताव निघाला होता? ते सामान बनवणाऱ्यांनीच विरोध केला, बारगळला. मग २०२२ मध्ये राज्यांना वर्षाला १.३ अब्ज डॉलर, तेही मुख्यतः शिकार न होणाऱ्या प्राण्यांसाठी, असं विधेयक आलं. खालच्या सभागृहात जूनमध्ये मंजूर झालं, सिनेटमध्ये मतालाच आलं नाही. निसर्गावर प्रेम सगळ्यांचं, पाकीट काढायची वेळ आली की नारिंगी जाकीटवाले शिकारीच पुढे.

वऱ्हाडी_ठेचा
सोमवार, सकाळी ६.५०

आमच्या ताडोब्यात निराळं काय हाय मंग? गेटचा पैसा व्याघ्र प्रतिष्ठानकडं जाते, आजूबाजूच्या गावाले त्यातून काही मिळते, ते चांगलंच हाय. पण पैसे देणाऱ्याले वाघच पाह्यजे. जिप्सीत बसला का पह्यला प्रश्न, "साइटिंग कुठं हाय?" चांदी अस्वल दिसलं तरी तोंड वाकडं.

अरण्यरुदन
सोमवार, सकाळी ७.३०

ठेचा, हे धाग्यातलं सगळ्यात मोलाचं वाक्य. नान्नजच्या माळढोकासाठी कोण तिकीट काढतं? १९७९ चं अभयारण्य, आता तिथे पक्षी दिसणंच नवलाईचं. उघडा माळ, त्यात ना वाघ, ना रिसॉर्ट. तिकडे बंदूकवाला, इकडे कॅमेरावाला. ज्याला गिऱ्हाईक नाही ते जनावर कोणाच्याच वहीत नाही.

पेन्सिल्वेनियातच बघा, बेडूक-सॅलमँडर गेम कमिशनकडे नाहीत, ते मासे नि बोटींच्या खात्याकडे. हेलबेंडर हा दोन फुटी सॅलमँडर २०१९ पासून राज्याचा अधिकृत उभयचर आहे, आणि त्याचा सांभाळ मासे पकडणाऱ्यांच्या लायसन्सवर.

बदकसम्राट
सोमवार, सकाळी ७.४१

हेलबेंडरचा स्टॅम्प काढा, मी घेतो. दिसायला वांग्याच्या भरतासारखा आहे, पण घेतो.

रंकाळा_काठ
सोमवार, सकाळी ९.१५

विषयांतर, पण राहवत नाही. आमचं दाजीपूर हे कोल्हापूरच्या महाराजांचं राखीव शिकारीचं रान. तेच १९५८ मध्ये गव्यांचं अभयारण्य झालं, आता राधानगरी. म्हणजे शिकाऱ्याने राखलं म्हणून उरलं, हे आपल्याकडेही घडलंय. फरक इतकाच की तिथे एकाच माणसाचं लायसन्स होतं.

कडूलिंब
सोमवार, सकाळी ९.२०

आणि फी रयतेने भरली.

लेहायकर
पुढचा शनिवार, संध्याकाळी ७.००

मंडळी, अहवाल.

आज गेलो लायसन्स काढायला. खेळाच्या सामानाचं दुकान, मागच्या कोपऱ्यात काउंटर, वर भुसा भरलेलं हरणाचं डोकं, त्याच्या शिंगाला कोणीतरी सांताची टोपी अडकवलेली. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "पहिल्यांदाच?" मी हो म्हटलं. "मग शिकार-प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट दाखवा." मी म्हटलं, मला शिकार करायचीच नाहीये. ती दोन सेकंद माझ्याकडे बघत राहिली. मग तिने मागच्या माणसाला हाक मारली. त्यानेही ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "सर, न मारण्यासाठी लायसन्स लागत नाही." मागे रांगेत तिघे होते, तिघेही हसले. मीही.

तर कोर्स आधी करावा लागणार. ऑनलाइन आहे, नाव घातलंय. पहिल्या धड्यात बंदूक घेऊन कुंपण कसं ओलांडायचं ते आहे. लेक शेजारी बसून माझी परीक्षा घेते, तिला जास्त मार्क पडतात.

येताना पोस्टातून डक स्टॅम्प घेतला. बदकसम्राट, धन्यवाद. फ्रीजवर लावलाय. आजोबांना दाखवला तर काही बोलले नाहीत, आत गेले आणि एक जुनी नारिंगी टोपी नि बंडी घेऊन आले. १५ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर गेम लँडवर पाऊल ठेवायचं तर शिकार करत नसलात तरी डोकं-छाती-पाठ मिळून २५० चौरस इंच नारिंगी, नाहीतर निदान नारिंगी टोपी लागते. पंधरा वर्षं त्या महिन्यात मी तिकडे फिरकतच नव्हतो. बंडीच्या खिशात एक रिकामं काडतूस आणि अर्धी विरघळून पुन्हा गोठलेली खोकल्याची गोळी सापडली.

माई_देवरुख
पुढचा शनिवार, रात्री ८.१०

कोर्स झाला की कळव. खोली झाडून ठेवते.

जर्सीचा_जावई
पुढचा शनिवार, रात्री ८.३५

सगळा धागा एका दमात वाचला. फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही चौघं येतोय मिडल क्रीकला, सोबत सासूबाई. तिथे स्वच्छतागृहाची सोय आहे का?

लेहायकर
पुढचा शनिवार, रात्री ८.४२

आहे की. आजोबांनी बिल भरलंय.